मंगळवारची बँक

लोखंडी पेटी, हिरव्या रंगाची. दोन कड्या. एकीला कुलूप, दुसरीला सुतळी.

नगारा दोनदा वाजला की बँक उघडली. एकदा वाजला की बंद झाली.

"दूध तापवून ठेवा. गॅस बंद केला का बघा. परत एकदा बघा." फ्रिजवरची चिठ्ठी, दोन वर्षांपूर्वीची. शाई उडालेली.

गव्हाच्या पिठाची खळ करताना चिमूटभर मोरचूद टाकला तर कागदाला मुंग्या लागत नाहीत. हे वैजनाथला ठाऊक होतं. वैजनाथ आता नाही.

पहिल्या विलीनीकरणात नदीचं नाव राहिलं. दुसऱ्यात तेही गेलं.

आदरणीय सर, शब्दमर्यादा दोनशे. कृपया सकारात्मक लिहावे.

*

वरच्या सगळ्या गोष्टी एकाच माणसाच्या डोक्यात होत्या. माणसाचं नाव रत्नपाल खिल्लारे, वय सहासष्ट, बँकेतून निवृत्त होऊन सहा वर्षं झालेली. हिंगोलीत रिसाला बाजारामागे त्याचं दोन खोल्यांचं घर. बायको संध्या पुण्याला लेकीकडे, आकांक्षाचं बाळ सांभाळायला गेली होती. तीन महिन्यांसाठी गेली ती दोन वर्षं झाली. भांडण नाही, तंटा नाही. लेकराला आजी लागते, एवढंच. रोज रात्री आठला तिचा फोन येई. जेवलात का, जेवलो. गोळी घेतली का, घेतली. मग पलीकडे बाळ रडे आणि फोन संपे.

बँकेचं असं, की रत्नपाल चिकटला तेव्हा ती कयाधू ग्रामीण बँक होती. एका किराणा दुकानाच्या माडीवर चार टेबलं आणि एक घड्याळ. दोन हजार आठ साली दोन शेजारच्या बँका तिच्यात आल्या, की ती त्यांच्यात गेली, हे शेवटपर्यंत कुणाला नीट कळलं नाही. नाव पडलं पूर्णा-कयाधू ग्रामीण बँक. यंदा तीही आणखी मोठ्या बँकेत गेली आणि नाव झालं समन्वय ग्रामीण बँक. नवरीचं नाव तांदळात गिरवून बदलतात तसं दर वेळी झालं. सासरचे खूश, आणि जुन्या नावानं हाक मारणारे एकेक करून कमी होत गेलेले.

तर या समन्वय बँकेनं स्मरणिका काढायचं ठरवलं. मुख्य कार्यालयातली पुजा नावाची मुलगी सगळ्या निवृत्त शाखाधिकाऱ्यांना फोन करत होती. आपापल्या जुन्या शाखेवर दोनशे शब्द. रत्नपालच्या वाट्याला डोंगरकडा आलं.

"डोंगरकड्याचं लिहितो," तो म्हणाला. "पण यादीत आमचा तांडा दिसत नाही. भावसिंग नाईक तांडा. दर मंगळवारी भरायची ती शाखा."

कीबोर्डचा आवाज आला. "नाही सर. त्याला कोडच नाही."

"कोड कुठून असेल? कॉम्प्युटर यायच्या आधी बंद झाली ती."

"मग काही पुरावा आहे का? उद्घाटनाचा फोटो, पाटी, कोनशिला?"

"पाटी नव्हती. नगारा होता."

"काय होता, सर?"

"नगारा."

"सर, मंगळवारी सहापर्यंत काहीतरी पाठवा. मग बघते. सहाला फाइल प्रेसला जाते."

फोन ठेवून रत्नपालनं कागद-पेन काढलं. चौतीस वर्षांच्या नोकरीत त्यानं स्वतः उभं केलेलं असं हे एकच होतं. बाकी शाखा होत्याच. तो त्यांच्यात जाऊन बसला आणि उठून आला. तांड्यावरची शाखा मात्र त्याच्या डोक्यातून निघाली होती. ती पुस्तकात नसली तर ती नव्हतीच, असं होणार. आणि ती नव्हती तर सोळा वर्षांचे मंगळवार कुठं गेले?

*

मसुदा एक.

"सन १९९१ मध्ये भावसिंग नाईक तांडा येथे बँकेचा साप्ताहिक विस्तार कक्ष सुरू झाला. तांड्यावर घड्याळ फारसं कुणाकडे नव्हतं. शाखाधिकारी पेटी घेऊन पोचले की नगारा दोनदा वाजे. शेतात, विहिरीवर, जिथं असतील तिथून बाया येत. बाजाराच्या आदल्या दिवशी बँक भरे, म्हणजे बाजाराला हातात पैसे असत. सन २००८ मध्ये हा कक्ष डोंगरकडा शाखेत विलीन झाला. त्या वेळी"

इथं तो थांबला. पेनचं टोपण लावलं. दूध तापवलं. गॅस बंद केला. परत एकदा बघितला.

*

सोमवारी तो डोंगरकड्याच्या शाखेत जाऊन आला. काचेचं दार, थंड हवा, टोकन देणारं यंत्र. खुर्चीवरचा तरुण मॅनेजर बाहेरच्या राज्यातला, स्वभावानं चांगला. त्यानं पाणी मागवलं.

"अंकल, पुराना रेकॉर्ड तो सब गोदाम में गया. गोदाम किधर है, ये मेरे को भी नहीं बताया."

"मी इथं मॅनेजर होतो," रत्नपाल म्हणाला.

"अच्छा?" पोरगा हसला आणि खुर्चीतून अर्धा उठला, जणू खुर्ची परत द्यायची आहे. मग पुन्हा बसला.

*

मंगळवारी सकाळच्या बसनं तो निघाला. कळमनुरीला बस अर्धी रिकामी झाली, डोंगरकड्याला तो उतरला. केळीचे घड भरलेला टेम्पो रस्त्यात आडवा लागला होता आणि तीन माणसं तीन दिशांनी त्याला मागं घ्यायला सांगत होती. तांड्याकडे जाणारा ऑटो मिळाला. पूर्वी हाच रस्ता तो लुनावर यायचा, पुढं पेटी, मागं वैजनाथ शिपाई. चढ आला की वैजनाथ उतरून ढकलायचा आणि म्हणायचा, "साहेब, बँक जड हाय का तुमी?"

ऑटोत बसल्या बसल्या ते वाक्य पूर्ण झालं, जे मसुद्यात झालं नव्हतं.

त्या वेळी रत्नपालनं कुणालाच सांगितलं नाही.

असं घडलं होतं. एकोणीस फेब्रुवारी दोन हजार आठ, मंगळवार. वरून सूचना आली होती, पुढच्या मंगळवारपासून कक्ष बंद, दारावर कागद लावावा. अर्धा तांडा ऊसतोडीला गेलेला. मागं राहिलेली म्हातारी माणसं, लेकरं आणि नानीबाई. नानीबाई रतनसिंग राठोड पायानं अधू, ती उसाला जात नसे. म्हणून जाणाऱ्या बाया आपापली पासबुकं तिच्या पिशवीत ठेवून जात. बँकेनं असं कुठं सांगितलेलं नव्हतं. तांड्यानंच ठरवलं होतं. पासबुक उसाच्या फडात भिजतं, फाटतं, नवऱ्याच्या हाती लागतं. नानीबाईच्या पिशवीत ते कोरडं राहतं. एक्केचाळीस पासबुकं. ती प्रत्येक मंगळवारी पिशवी घेऊन येई, पेटीशेजारी बसे आणि बँक बंद होईपर्यंत उठत नसे.

त्या दिवशी वैजनाथनं खळ लावून कागद दारावर चिकटवला. नानीबाईनं विचारलं, "कायचा कागद हाय, साहेब?"

"असाच. हापिसचा," रत्नपाल म्हणाला.

"अन् पुढच्या मंगळवारी?"

"येतो की."

नगारा एकदा वाजला. पेटी लुनावर चढली. पुढच्या सोमवारी तो हट्ट्याच्या शाखेत हजर झाला. बदली तशी ठरलेलीच होती. हट्टा काही सातासमुद्रापार नाही, जिल्ह्यातच आहे. पण तो आला नाही. पहिल्या वर्षी लाज वाटली म्हणून, दुसऱ्या वर्षी आता जाऊन काय करणार म्हणून, आणि पुढं तर सवयच लागली.

*

तांड्यावर स्लॅबची घरं झाली होती. बहुतेकांना कुलपं. दिवाळी होऊन महिना झालेला. माणसं फडावर गेली होती. सेवालाल महाराजांच्या मंदिरावरचा पांढरा झेंडा तेवढा हलत होता. शेजारची खोली, ती बँकेची, अजून उभी होती. आत कुणीतरी तुराट्या रचलेल्या. दाराचा निळा रंग उडालेला. मधोमध एक चौकोन तर लाकडापर्यंत सोललेला.

खोलीसमोर खाटेवर नानीबाई बसली होती. ऐंशीच्या घरातली. डोळ्यांवर आडवा हात धरून तिनं ऑटोतून उतरणारा माणूस बघितला. बराच वेळ बघितला.

"राम राम, नानीबाई," रत्नपाल म्हणाला.

"जय भीम, साहेब," ती म्हणाली.

हे त्यांचं जुनंच होतं. तो तिचा नमस्कार घालायचा, ती त्याचा.

"लई येळ केला," ती म्हणाली. "समदे वाट बघून बघून उसाला गेले."

घरातून तिची नात मिना बाहेर आली. आशा सेविकेचा गुलाबी कोट, हातात स्कूटीची किल्ली. "आजी, कोण आलंय?"

"बँक आली," नानीबाई म्हणाली. "चहा ठेव."

मिनानं पाहुण्याकडे नीट बघितलं आणि तिच्या चेहऱ्यावर काहीतरी आवळलं गेलं. "खिल्लारे साहेब का? तुमची सही म्या पाठ केलती. र, सो, अन् मंग नुसतीच वळवळ."

रत्नपालनं खाली बघत सगळं सांगितलं. बँक आणखी मोठी झाली, तिचा इतिहास छापून राहिले, त्यात तांड्याचं नाव नाही. "तुमच्याजवळ काही असंल तर. एखादं जुनं पासबुक. शिक्का असलेलं काही."

"पासबुकं गेली," मिना म्हणाली. "मागं राहिलेले फेब्रुवारीपासनं, अन् उसावरून आलेले एप्रिलापासनं. दर मंगळवारी हितं येऊन बसायचे. माझ्या बापानं पेरणीच्या टायमाला समदी पासबुकं गोळा करून डोंगरकड्याला नेली, तवा कुठं मिटलं. कुणाचं काही बुडालं न्हाई. नुसतेच बसले. चार महिने." तिनं किल्ली कोटाच्या खिशात टाकली. "तुमी फोन केला असता तर बसले नसते. सरपंचाच्या घरी फोन व्हता."

"व्हय," रत्नपाल म्हणाला.

नानीबाईनं नातीला खूण केली. मिना आत जाऊन एक कापडी पिशवी घेऊन आली. पिशवीत एकच पासबुक, कयाधू ग्रामीण बँकेचं, नानीबाईचं स्वतःचं, आणि प्लास्टिकच्या दोन तुकड्यांमध्ये धरलेला एक कागद. वैजनाथची खळ इतकी पक्की, की कागद निघताना दाराचा रंग घेऊन निघाला होता. मागची बाजू पूर्ण निळी. मुंगीचं एक भोक नाही.

रत्नपालनं हात पुढं केला. म्हातारीनं कागद मागं घेतला.

"वाचा आधी."

"तुमाला म्हाईत हाय की, काय लिवलंय ते."

"मिनानं वाचलं तवाच. पाचवीत व्हती. घडाघडा वाचलं."

"मग?"

"मंग काय? खाली तिची सही हाय का?" नानीबाईचा आवाज चढला नाही. "समद्या बाया मला बोलल्या, नानी, कागद खरा का खोटा? म्या सांगतलं, साहेब म्हनून गेला मंगळवारी येतो. तो येऊन सांगंल तवा खरा. मला खोटी पाडली तुमी. एकाबी बाईनं पुन्हा माझ्याकडं काई ठिवलं न्हाई. न पासबुक, न गळ्यातली पोत."

चहा आला. कुणी उचलला नाही.

रत्नपाल तांड्याकडून काही मागायला आला होता. म्हातारीचं इथं काही गेलं असेल, हे त्याच्या मनात आलंच नव्हतं. एक्केचाळीस पासबुकांचा मान. तो एका कागदानं गेला होता, आणि कागदावर सही त्याची होती.

"शंकरसिंगला बोलाव," नानीबाई मिनाला म्हणाली. "नगारा घेऊन ये म्हनाव."

"आजी, तांड्यावर हाय कोण ऐकायला?"

"हायत तितके."

शंकरसिंग आला. नगारा वाजवणारा तोच, आता ठार बहिरा. मिनानं दोन बोटं दाखवली. त्यानं दोनदा वाजवलं. कुलपं लावलेल्या घरांवरून आवाज गेला आणि तसाच परत आला. दोन म्हातारे काठ्या टेकत आले. एक बाई लेकरू कडेवर घेऊन आली, लग्न होऊन तांड्यावर आलेली असावी; तिला हे काय चाललंय ते माहीत असायचं कारण नव्हतं. एक शेळी आली.

रत्नपाल उभा राहिला. चष्मा लावून म्हातारीनं धरलेला कागद वाचायला लागला.

"या सूचनेद्वारे सर्व खातेदारांना कळविण्यात येते, की बँकेच्या विलीनीकरणामुळे भावसिंग नाईक तांडा येथील साप्ताहिक विस्तार कक्ष दिनांक सव्वीस फेब्रुवारी दोन हजार आठपासून बंद करण्यात येत आहे. सर्व व्यवहार यापुढे डोंगरकडा शाखेत होतील. तसदीबद्दल दिलगीर आहोत. शाखाधिकारी, रत्नपाल सोनाजी खिल्लारे."

"तसदी म्हंजी?" नानीबाईनं विचारलं.

"तकलीफ."

"मंग तसं लिवावं." ती म्हणाली. "अन् पुढच्या मंगळवारी?"

सगळी तोंडं त्याच्याकडे वळली. शेळी सोडून. त्याच्या ओठांवर तेच जुनं उत्तर आलं होतं, अगदी सहज, सतरा वर्षं आतच बसून राहिलेलं. तो ते गिळून म्हणाला, "न्हाई, नानीबाई. येणार न्हाई. बँक बंद झाली. मला तवाच म्हाईत होतं. मी सांगतलं न्हाई."

"ऐकलं का?" नानीबाई म्हाताऱ्यांकडे बघून म्हणाली. एकानं मान हलवली. दुसरा म्हणाला, "ऐकलं, नानी."

मग ती रत्नपालला म्हणाली, "एवढंच तर सांगायचं व्हतं."

मिनानं एक बोट दाखवलं. नगारा एकदा वाजला.

कागद नानीबाईनं दिला नाही. "हा आमचा," म्हणाली. फोटो काढू दिला. फोटोत कागदाच्या कोपऱ्यावर तिचा अंगठा आला. चहा निवून गेला होता, तो त्यानं तसाच प्यायला.

*

डोंगरकड्याच्या फाट्यावर बसची वाट बघत त्यानं फोटो पाठवला. साडेचार वाजले होते.

पुजाचा फोन लगेच आला. "सर, ग्रेट! शिक्का एकदम स्पष्ट आहे. मी एक वेगळी चौकट करते. एक फॉर्म पाठवलाय, तेवढा भरा."

फॉर्म मोबाईलवर उघडला. शाखेचं नाव. स्थापना. वैशिष्ट्य, इथं त्यानं नगारा लिहिला. विलीनीकरणाची तारीख. आणि शेवटी एक छापील वाक्य: "विलीनीकरणाच्या वेळी सर्व खातेदारांना विश्वासात घेण्यात आले." पुढं एक चौकोन, टिक करायला.

मसुदा दोन. "विलीनीकरणाच्या वेळी काही खातेदार बाहेरगावी असल्याने"

पुसलं.

मसुदा तीन. "विलीनीकरणाच्या वेळी तांत्रिक अडचणींमुळे"

पुसलं. समोरून नांदेडची बस गेली. ती त्याची नव्हती.

मसुदा चार. चौकोन रिकामा ठेवला आणि खाली लिहिलं: "खातेदारांना सांगण्यात आले नाही. सांगण्याचे काम माझे होते. नानीबाई रतनसिंग राठोड यांनी चार महिने लोकांना धरून ठेवले आणि त्याचा बोल त्यांना लागला. र. सो. खिल्लारे."

पाठवलं. पाच मिनिटांनी फोन.

"सर, हे छापता नाही येणार हो. स्मरणिका आहे ना. चेअरमन साहेब प्रत्येक पान बघतात." तिचा आवाज खरंच अडचणीत सापडल्यासारखा होता. "तुम्ही फक्त शेवटचं काढा आणि टिक करा. बाकी सगळं घेते. नगारा, फोटो, सगळं. इतकी छान गोष्ट आहे."

"टिक केली तर ती बाई पुन्हा खोटी पडते."

"ती कशाला वाचतेय सर स्मरणिका?"

"तिची नात वाचते. घडाघडा."

पुजा म्हणाली, "पावणेसहापर्यंत थांबते मी."

तो फाट्यावरच्या बाकावर बसून राहिला. एक बस सोडली. पावणेसहाला त्यानं तिला लिहिलं: वाक्य काढायचं असेल तर शाखाही काढा.

उत्तरात जोडलेल्या हातांचं एक चित्र आलं. त्याच्याखाली: ठीक आहे सर. डोंगरकडा घेतलंय.

*

आठला संध्याचा फोन आला. जेवलात का, म्हणाली. त्यानं नाही म्हणून सांगितलं. ती दचकली, हे उत्तर दोन वर्षांत आलं नव्हतं. मग त्यानं तांड्याचं सांगायला सुरुवात केली. कागद, वैजनाथ, "येतो की". तिनं मध्ये एकदाच विचारलं, "सतरा वर्षं पोटात ठेवलं तुम्ही हे?" तो म्हणाला, "हट्ट्याहून रोज घरीच तर येत होतो. बोलता आलं असतं." पलीकडे बाळ रडायला लागलं. "थांबा हं, आकांक्षाकडं देते त्याला," ती म्हणाली, आणि फोन चालूच राहिला. कुणाची तरी पावलं, दार, दूरवर टीव्ही. तो कानाला लावून बसला. बारा मिनिटं. मग फोन आपोआप कटला.

दूध तापवलं. गॅस बघितला. परत एकदा बघितला.

स्मरणिका जानेवारीत पोस्टानं आली. गुळगुळीत कागद, तीनशे चार पानं. डोंगरकडा एकशे सत्याण्णवव्या पानावर होतं. तांड्याचा उल्लेख कुठंही नव्हता.

*

आठ ऑक्टोबर १९९१, पहिला मंगळवार: नगारा दोनदा वाजला आणि संध्याकाळपर्यंत बँकेत एकच बाई लंगडत आली, तिला खातं उघडायचं नव्हतं, ती पाण्याचा तांब्या घेऊन आली होती.